घरकुलातली कापडी भिंत: साधा पडदा घरीच कसा शिवायचा? मापापासून शेवटच्या टिपेपर्यंत सगळी माहिती

घरकुल मंजूर होतं, भिंती उभ्या राहतात, वर स्लॅब नाहीतर पत्रा पडतो, खिडक्या बसतात. हप्ते संपलेले असतात, हातातला पैसाही संपलेला असतो. आणि राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं, की घर झालं पण आडोसा झाला नाही.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलंय. म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाची जागा त्यातच. एवढ्या जागेत म्हातारं माणूस दुपारी आडवं होणार, सून कपडे बदलणार, दहावीची पोरगी अभ्यास करणार, पाहुणा आला तर तोही तिथंच बसणार. मधली भिंत बांधायची तर विटा, वाळू, गवंडी आले. पडद्याला मात्र कापड, दोरा आणि एक दुपार पुरते.

पडदा शिवायला फार मोठी कला लागते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ब्लाऊजला गळा असतो, बाही असते, मुंढा असतो. पडद्याला यातलं काहीच नाही. चार कडा, चारही सरळ. टीप सरळ मारता आली की झालं. पडदा बिघडतो तो मशीनवर नाही, त्याच्या आधी टेप आणि कात्रीपाशी. म्हणून या लेखात शिलाईपेक्षा मापावर जास्त बोलू. दोन इंच कमी कापलेलं कापड परत जोडलं जात नाही, आणि कापडाला पैसे पडलेले असतात.

सामान काय लागतं?

टेप, चांगली धार असलेली कात्री, खडू (नसेल तर अंघोळीच्या साबणाची झिजलेली पातळ वडी, तिची रेघ धुतली की जाते), टाचण्या, कापडाच्या रंगाचा दोरा आणि इस्त्री. मशीन असेल तर उत्तम. नसेल तर हातानंही होतं, ते पुढे सांगतो.

मशीनची सुई कापड बघून निवडायची. पातळ साडीला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६ नंबर. बोथट सुईनं कापडाचे धागे ओढले जातात, टाके सुटतात, आणि आपण मशीनला नावं ठेवतो. नवीन पडद्याला नवीन सुई लावावी, फार महाग नसते.

कापड कोणतं घ्यायचं?

पहिल्या पडद्याला मध्यम जाडीचं सुती कापड घ्या. इचलकरंजी, मालेगावच्या मागांवरचं सुती कापड आपल्याकडच्या बाजारात मिळतं, ते चालतं. सुती कापड मशीनखाली सरकत नाही, इस्त्रीनं घडी बसते, चुकलं तर टीप उसवून परत मारता येते. साटीन, जॉर्जेट, चमकीचं कापड दिसायला छान, पण ते मशीनवर मासोळीसारखं निसटतं. ते हात बसल्यावर घ्या. सोलापुरी चादर दाराला तशीच लावायला ठीक आहे, पण तिच्या दुमडीचे तीन-तीन पदर घरच्या मशीनखाली घालणं नवशिक्याला जड जातं.

दुकानात गेल्यावर आधी पन्हा विचारा, म्हणजे कापडाची रुंदी. पडद्याच्या कापडाचा पन्हा बऱ्याचदा ४८ किंवा ५४ इंच असतो, शर्ट-झग्याच्या कापडाचा ३६, ४४ किंवा ५८ इंच. पन्हा माहीत नसेल तर किती मीटर घ्यायचं हे सांगताच येत नाही.

दुसरी गोष्ट, कापड उजेडाकडे धरून मागे हात धरा. बोटं मोजता आली तर रात्री आत दिवा लागल्यावर बाहेरून सगळं दिसणार. आडोशासाठीच पडदा करायचा असेल तर दाट कापड घ्या, नाहीतर मागून जुन्या चादरीचं अस्तर लावा.

आधी धुवायचं, मग कापायचं

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. मीटरमागे दीड-दोन इंच सहज जातात. न धुता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यानंतर खिडकीच्या वर चढून बसतो. म्हणून कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच टेप लावा. गडद रंगाचं असेल तर वेगळं भिजवा, रंग जातो का तेही कळतं.

माप कसं घ्यायचं? एका खिडकीचा हिशोब

माप खिडकीचं नाही, दांडीचं घ्यायचं. आधी दांडी कुठं येणार ते ठरवा. खिडकीच्या ४ इंच वर आणि दोन्ही बाजूंना ४-४ इंच बाहेर दांडी बसवली तर कडेनं ऊन आणि नजर दोन्ही आत येत नाहीत.

समजा खिडकी ४ फूट बाय ४ फूट, म्हणजे ४८ बाय ४८ इंच आहे.

रुंदी: दांडी ४८ अधिक ४ अधिक ४, म्हणजे ५६ इंच. पडदा दांडीएवढाच रुंद केला तर तो ताणलेल्या पोत्यासारखा दिसतो, चुण्या पडत नाहीत. म्हणून कापड दांडीच्या दीडपट ते दुप्पट लागतं. ५६ ची दीडपट ८४ इंच. ४८ पन्ह्याचे दोन भाग घेतले आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडा मिळून ३ इंच दुमडीत गेले, तर एक भाग ४५ इंचाचा उरतो. दोन मिळून ९०. झालं काम. पन्हा धुण्यात इंच-दोन इंच आटला तरी भागतं.

लांबी: दांडीपासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत ४ इंच, खिडकी ४८ इंच, आणि खिडकीच्या खाली ६ इंच. एकूण ५८ इंच. हा झाला तयार पडदा. आता दुमडी धरायच्या. वर दांडी घालायच्या नेफ्यासाठी पावणेतीन इंच, खाली साडेतीन इंच. बेरीज सव्वाचौसष्ट. आपण ६५ धरू.

६५ चे दोन भाग म्हणजे १३० इंच. एक मीटर म्हणजे सुमारे ३९ इंच, तेव्हा ३ मीटर ३० सेंटिमीटर. आटायचं धरून साडेतीन मीटर कापड घ्या.

तुमची खिडकी वेगळ्या मापाची असेल तर आकडे बदलतील, रीत हीच. कागदावर खिडकीचं चित्र काढून सगळे आकडे त्यावर लिहा आणि तो कागद दुकानात घेऊन जा. दोन खिडक्या सारख्या दिसतात म्हणून एकच मोजू नका. गवंड्याच्या हातानं इंच-दोन इंचाचा फरक पडलेला असतो.

नेफा केवढा ठेवायचा?

परकराला नाडीसाठी नेफा असतो, तसाच पडद्याला दांडीसाठी. दांडीभोवती टेप गुंडाळून घेर मोजा. त्याच्या निम्मे करा आणि पाऊण इंच मिळवा. एक इंच जाडीच्या दांडीचा घेर तीन इंचाच्या थोडा वर येतो, म्हणजे नेफा साधारण सव्वादोन इंच. त्यात आधीची अर्धा इंचाची दुमड मिळवली की वरचे पावणेतीन इंच झाले. नेफा घट्ट झाला तर पडदा सरकत नाही आणि रोज ओढून ओढून टीप उसवते.

कापताना

कापड जमिनीवर सतरंजी अंथरून त्यावर पसरा. दुकानदारानं कापलेली कड सरळ असतेच असं नाही. सुती कापडात सरळ रेघ मिळवायची सोपी युक्ती आहे. काठाला छोटा काप द्या, आडवा एक धागा पकडून हळूहळू ओढा. कापडात बारीक रेघ पडते. त्या रेघेवर कात्री चालवा.

फुलाफुलांचं कापड असेल तर दोन्ही भागांत फुलं वरच्या दिशेलाच आहेत ना, ते बघा. चौकटीचं कापड असेल तर दुसरा भाग पहिल्यावर ठेवून चौकट जुळवूनच कापा. कापण्याआधी माप दोनदा घ्या. घरात दुसरं माणूस असेल तर दुसऱ्यांदा त्याला घ्यायला सांगा.

मशीनवर हात बसवायचा

आधी कधीच मशीन चालवलं नसेल तर दोरा न ओवता, जुनी सुई लावून वहीच्या रेघांच्या कागदावर चालवून बघा. सुईची भोकं रेघेवर पडली पाहिजेत. दहा-पंधरा कागद झाले की पाय आणि हात जुळतात. मग त्याच मापाच्या चिंधीवर दोरा ओवून टीप मारा.

पायाच्या काळ्या मशीनला सुरुवात हातानं चाक फिरवून करतात. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. उलटं फिरलं की दोरा खाली गुंततो. टाका मध्यम ठेवा, इंचात साधारण दहा टाके.

टीप सरळ येण्यासाठी सुईपासून एक इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. कापडाची कड त्या पट्टीला लागून चालवायची, नजर सुईवर न ठेवता पट्टीवर ठेवायची. बैलाची पाभर चालवताना आपण पायाखाली बघत नाही, समोर बघतो. तसंच हे. आणि कापड ओढू नका. मशीन स्वतः ते पुढे नेतं, आपण फक्त दिशा द्यायची. ओढलं की सुई वाकते, नाहीतर मोडते.

शिवायचा क्रम

१. दोन्ही बाजूंच्या कडा. आधी अर्धा इंच आत मुडपून इस्त्री, मग परत एक इंच मुडपून इस्त्री. टाचण्या आडव्या लावा. आतल्या कडेजवळून टीप मारा. टाचणी सुईखाली यायच्या आधी काढा.

२. वरचा नेफा. अर्धा इंच मुडपा, मग सव्वादोन इंच मुडपा. खालच्या कडेजवळून एकच आडवी टीप. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, नेफ्याची दोन्ही तोंडं उघडी राहिली पाहिजेत. कोपऱ्यावरून वळवून उभी टीप मारली की नेफा बंद होतो आणि दांडी आत जात नाही.

३. दांडीवर घालून बघा. खालची कड अजून शिवायची नाही. पडदा एक-दोन रात्री तसाच लटकू द्या. कापड वजनानं थोडं खाली येतं. मग खिडकीच्या खाली किती हवा, तिथं खडूनं खूण करा.

४. खालची दुमड. अर्धा इंच, मग तीन इंच. खूण थोडी वर-खाली झाली असेल तर इथंच जमवून घ्यायचं. खालची दुमड रुंद असली की वजन येतं आणि वाऱ्यानं पडदा उडत नाही. पुढं कधी लांबी कमी पडली तर हीच दुमड सोडून वाढवता येते.

प्रत्येक टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके मागे घ्या. मशीनला मागे जायची सोय नसेल तर दोऱ्याची दोन्ही टोकं गाठ मारून बांधा. कोपऱ्यावर दुमडीवर दुमड येते, तीनाचे नऊ पदर होतात. तिथं पाय काढून हातानं चाक फिरवत जा. सुया बहुतेक तिथंच मोडतात.

इस्त्री नसेल तर घडी अंगठ्याच्या नखानं दाबून रात्रभर गादीखाली ठेवा. सकाळी दुमड बसलेली असते.

मशीन नाही म्हणून थांबू नका

आपल्या भागातल्या बायांनी गोधड्या हातानंच शिवल्यात. ज्या हाताला गोधडीचा धावदोरा येतो, त्याला पडदा अवघड नाही. बाजूच्या आणि खालच्या दुमडीला बारीक धावदोरा पुरतो. नेफ्याला मात्र ओढ बसते, म्हणून तिथं उलटी टीप घाला. म्हणजे एक टाका पुढे काढायचा आणि सुई परत मागच्या टाक्याच्या टोकात घालायची. दोरा दुहेरी घ्या. एका खिडकीला दोन-तीन संध्याकाळी लागतील.

पडद्यापुरतं नवीन मशीन घ्यायची गरज नाही. गावात कितीतरी घरांत लग्नात आलेलं मशीन कपडा टाकून कोपऱ्यात उभं असतं, वर डबे ठेवलेले. तेल घालून, सुई बदलून ते चालू होतं. शेजारणीकडून एक दुपार मागून घ्या.

याच निमित्तानं एक सावधगिरी. महिलांना केंद्र सरकार मोफत शिलाई मशीन देतंय, लिंकवर फॉर्म भरा, असे मेसेज मोबाईलवर वरचेवर फिरतात. केंद्राच्या पीआयबी फॅक्ट चेकनं असे दावे खोटे असल्याचं याआधीच सांगितलंय. अशा लिंकवर आधार, बँक खातं, ओटीपी देऊ नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, त्यात प्रशिक्षण आणि १५ हजार रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत ठेवलीय. पण ती आधीपासून हाच धंदा करणाऱ्या कारागिरासाठी आहे. चौकशी ग्रामपंचायतीत किंवा कॉमन सर्व्हिस सेंटरवर करा, मेसेजमधल्या लिंकवर नको.

जुन्या साडीचा पडदा, दोन साड्यांची भिंत

कापडाला पैसे नसतील तर पेटीतली जुनी सुती साडी काढा. साडी साधारण साडेपाच मीटर लांब, म्हणजे २१६ इंच, आणि पन्हा ४४-४५ इंच. तिला दोन्ही बाजूंनी काठ तयारच असतो, म्हणून बाजूच्या कडा शिवायच्या नाहीत. अर्धं काम तिथंच वाचलं.

दाराचा हिशोब बघा. दांडीपासून जमीन ८४ इंच. पडदा जमिनीच्या इंचभर वर ठेवायचा, नाहीतर झाडताना खराब होतो. म्हणजे ८३. वर-खालची दुमड सव्वासहा. ९० इंच धरा. दोन भागांना १८० इंच. साडीत ३६ इंच उरतात. पदर साधारण तेवढाच असतो, तो बाजूला काढला की दोन्ही भाग सारखे दिसतात. पदराच्या उशीच्या खोळी होतात, नाहीतर पडदा बांधायच्या पट्ट्या.

आता घरकुलातली मधली भिंत. खोली १० फूट रुंद, म्हणजे १२० इंच. दीडपट १८० इंच कापड. ४५ चे चार भाग, म्हणजे दोन साड्या. वर लोखंडी पाईप टाका, पण १० फुटांत तो मध्ये झुकतो, म्हणून मध्ये एक हुक द्या. हुकावरून नेफा पुढं सरकत नाही, त्यामुळे दोन भाग हुकाच्या अलीकडे, दोन पलीकडे. विरलेली साडी एकेरी लावली तर दिव्यात पलीकडची सावली दिसते. कपडे बदलायच्या बाजूला मागून चादरीचं अस्तर लावाच.

साडी वापरण्याआधी ती उजेडात धरून बघा. कमरेपाशी आणि निऱ्यांपाशी विरलेली असते. तो भाग टाळून कापा.

आग आणि ऊन

चूल, गॅस आणि देवघरातला दिवा यांच्या जवळ पडदा नको. नायलॉन-पॉलिस्टरचं कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. गॅसशेजारच्या खिडकीला पडदाच लावू नका, ती वाऱ्यासाठी मोकळी राहू द्या.

पश्चिमेच्या खिडकीला दुपारी बारापासून पडदा ओढून ठेवला तर थेट ऊन अंगावर येत नाही. खिडकीकडची बाजू फिकट रंगाची असली तर बरं. मात्र पडदा खोलीच्या आत असतो, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. त्यामुळे खिडकीबाहेर तट्ट्या किंवा शेडनेट बांधलं तर फरक जास्त पडतो. ऊन उतरलं की पडदा बाजूला करून खिडकी उघडा.

बाहेरून शिवून घ्यायचा असेल तर

दुकानात एकच आकडा सांगतात. तो तोडून विचारा: कापडाचा मीटरचा भाव किती, एका भागाची शिलाई किती, रिंगा आणि दांडी वेगळी किती. वरच्या हिशोबानं कापड किती लागतं हे तुम्हाला माहीत असेल, तर साडेतीन मीटरच्या जागी पाच मीटर कुणी लावू शकत नाही. घरी शिवायचं नसलं तरी माप यायला हवं, ते याचसाठी.

आणि हे काम फक्त बायांचं असंही नाही. पिढ्यान्पिढ्या शिंपीकाम पुरुषांनीच केलंय. पोरांनाही टेप धरायला, नेफ्यात दांडी घालायला बसवा.

सुरुवात एकाच खिडकीनं करा, ती मागच्या बाजूची असली तरी चालेल. तो पडदा एकदा धुऊन, वाळवून परत लावा. लांबी तेवढीच राहिली आणि टीप कुठं उसवली नाही, तर दुसऱ्या खिडकीचं कापड आणायला हरकत नाही.